मे महिन्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड: दोघे जण आणि नऊ लिटर पाणी

भर दुपार | रविवार, रात्री १०:४०

"मे महिन्यात डोंगरात कोण जातं?" हा प्रश्न मला तीनदा ऐकावा लागला. आधी घरी, मग ऑफिसात आणि शेवटी कसाऱ्याच्या जीपवाल्याकडून. पहिल्या दोघांना काहीतरी थातुरमातुर सांगून गप्प केलं. जीपवाल्याला उत्तर देता आलं नाही, कारण तो त्याच भागातला होता आणि आमच्या सॅककडे बघून हसत होता.

सोबतीला कॉलेजपासूनचा मित्र. वयाने माझ्याएवढाच आहे, पण अठराव्या वर्षापासून सगळे त्याला काकाच म्हणतात, म्हणून इथेही काकाच. दोघंही आता सेहेचाळीस. वीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात रतनगडावर गेलो होतो तेव्हा धुक्यात एकमेकांच्या पाठीपलीकडे काही दिसलं नव्हतं. "एकदा कोरड्यात बघायचा" असं तेव्हापासून चाललं होतं. मे अखेर सुट्टी जुळली. काजवेही दिसतील असा हिशोब होता.

बेत असा: भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाहून रतनवाडी, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनगड करून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई आणि संध्याकाळी हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावर यष्टी. सॅकवाल्यांना हा मार्ग पाठ असतो, थंडीत तर रांग लागते. मे महिन्यात आम्हाला चार दिवसांत एकही सॅकवाला भेटला नाही.

रतनवाडीला जाताना धरणाचं पाणी बरंच खाली गेलेलं. एरवी जिथे लाटा असतात तिथे गवताची खुरटी हिरवळ आणि तिच्यावर गुरं. अमृतेश्वराच्या देवळात मात्र दुपारी दोनलाही गारवा. पावसाळ्यात इथली पिंड पाण्याखाली जाते. आम्ही कोरड्या दगडावर पाय पसरून तासभर झोपलो. देवळाबाहेर ती देखणी पुष्करणी आहे, कोनाड्यांत मूर्ती असलेली. तिच्या पायऱ्यांवर बसून काकाने पाण्याचा हिशोब मांडला: माणशी साडेचार लिटर, दोघांचे नऊ. "रग्गड झालं," म्हणाला.

पहाटे साडेचारला निघालो. जंगलातून शिड्यांपर्यंत अंधारातच पोचलो, गणेश दरवाजात उजाडलं. नेढ्यात पोचलो तेव्हा साडेसात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: डोंगराच्या माथ्यावर सुईला असतं तसं आरपार भोक आहे, दहा-बारा माणसं आरामात बसतील एवढं. एका अंगाला भंडारदऱ्याचा जलाशय, दुसऱ्या अंगाला कोकण. अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई. वारा असा की टोपी धरूनच बोलायचं. आणि इथेच आमचं चुकलं. त्या वाऱ्यात ऊन कळत नाही. काकाने चहा केला, पोहे केले, जुन्या मैत्रिणींचे विषय निघाले. साडेदहा वाजून गेले.

खाली येऊन कात्राबाईची वाट धरली तेव्हा पावणेबारा. पाणी उरलं होतं साडेतीन लिटर. एक बाटली मी शिड्यांवर पाडली होती हे आधीच कबूल करतो.

खिंडीच्या चढावर काका बोलेनासा झाला. तो गप्प बसला की काळजी करावी, हे मला पस्तीस नाही तरी अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. बघितलं तर चेहरा लाल आणि घाम नाही. डोकं ठणकतंय म्हणाला. झाडीत सावली मिळाली, तिथे आडवा केला. शर्ट ओला करून मानेवर ठेवला, साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. दोन तास तिथेच. पाणी संपलं. तेवढ्यात खालून बोलण्याचा आवाज आला. दोन बाया, एक म्हातारी आणि तिची सून असावी, डोक्यावर हिरड्याच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या. म्हातारीने काकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उनाचं कशाला आलं बाबा? चला घरी." बस्स, एवढंच. सुनेने काकाची सॅक उचलली, मला उचलायला जमेना म्हणून नव्हे, मी विचार करत होतो म्हणून.

कुमशेतजवळच्या त्यांच्या घरात ओट्यावर टेकलो. म्हातारीने आधी गूळ दिला, मग तांब्या. आम्ही किती प्यायलो मोजलं नाही. दारात कळशी भरून ठेवलेली होती. काकाने ती उचलली, अंगणात गेला आणि सरळ डोक्यावर ओतली. घरातलं कोणीही काही बोललं नाही.

संध्याकाळी सून हंडे घेऊन निघाली तेव्हा मीही निघालो, जरा पाय मोकळे करावेत म्हणून. ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात कमरेएवढा खड्डा, तळाशी झिरपणारं पाणी. ती आत उतरून वाटीने हंडा भरत होती. वाटी बुडेल एवढं पाणी जमायला थांबावं लागत होतं. तिच्या आधी तिघी होत्या. एक हंडा भरायला किती वेळ लागला ते घड्याळात बघितलं आणि इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की ते आकड्यासारखं वाटतं. काकाने डोक्यावर ओतलेली कळशी तिथून आली होती.

रात्री नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कैरीचा ठेचा. जेवून बाहेर आलो तर ओढ्याकाठचा सादडा काजव्यांनी पेटलेला. अख्खं झाड एका तालात उजळायचं आणि एका तालात विझायचं. वीस वर्षं ज्यासाठी थांबलो ते समोर होतं आणि माझ्या डोक्यात कळशी.

सकाळी दोघंही झिऱ्यावर गेलो. तीन हंडे आणले, त्यातला एक वाटेत अर्धा सांडला. सून हसून हसून दमली. पैसे देऊ केले तर म्हातारीने हातच मागे घेतले. शेवटी जेवणाचे म्हणून पोराच्या हातात कोंबले.

पुढे पाचनई, हरिश्चंद्रगड, केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी, कोकणकड्यावरची संध्याकाळ, सगळं झालं. त्यावर इथे शंभर धागे आहेत, मी भर घालत नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. उन्हाळ्यात डोंगरातल्या घरात पाणी मागावं का? मागितलं तर परतफेड कशी करायची?


हिंदोळा | रविवार, रात्री ११:१५

मस्त लिहिलंय. पण फोटो? फोटोंशिवाय भटकंतीचा धागा म्हणजे मिठाशिवाय कैरी. वाखूसा (वाचनखूण साठवली).


जुना सॅकवाला | सोमवार, सकाळी ६:०५

लेख आवडला, आता शिव्या खा.

पावणेबाराला कात्राबाई चढायला घेणं हा शुद्ध वेडेपणा. मे महिन्यात चालायचं पहाटे चार ते साडेनऊ, मग सावली, मग संध्याकाळी चारनंतर. मधल्या वेळेत देऊळ, गुहा किंवा झाड यांपैकी एक जवळ हवंच. नेढ्यात पोहे करत बसलात तेव्हा तुमच्या दिवसाची वाट लागली होती. पावणेबाराला खाली आल्यावर सरळ रतनवाडीत जाऊन झोपायचं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड.

घाम थांबला, कातडी गरम आणि लाल, डोकं ठणकतंय: हा नुसता थकवा नव्हे, ही उष्माघाताची चाहूल. सावलीत नेलंत, मान ओली केलीत, बरोबर केलंत. काखेत आणि जांघेतही ओलं कापड ठेवायचं, वारा घालायचा. माणूस बरळायला लागला तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना. आणि त्या खिंडीतून दवाखाना किती लांब आहे, याचा विचार निघण्याआधी करायचा.

साखर-मीठ-पाण्याचं माप नवीन मंडळींसाठी: एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, सपाट. मीठ जास्त झालं तर उलट त्रास.

आम्ही ९० च्या दशकात हाच मार्ग एप्रिलमध्ये पौर्णिमा धरून रात्री चालायचो. आता त्या जंगलात रात्री चालायला वनखातं हरकत घेतं, आणि ते योग्यच आहे. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे.


शंकासुर | सोमवार, सकाळी ९:३०

एक हंडा अर्धा सांडला म्हणजे निव्वळ अडीच हंडे. त्यावर हजार शब्द. बाईंनी रोज आणलेल्या हंड्यांवर धागा काढायचा तर सर्व्हर बसेल. शहरी माणसाला अपराधी वाटण्याची हौस असते, ती भागली की तो सोमवारी ऑफिसला जातो. भागली का?


भर दुपार | सोमवार, सकाळी ९:५२

शंकासुर, ऑफिसातूनच लिहितोय. समोर पाण्याचा कूलर आहे. नाही भागली.


नाचणी सत्त्व | सोमवार, दुपारी १:१०

सुनेने सॅक उचलली ते वाक्य वाचून हसले आणि मग थांबले. त्या हिरड्याची पाटी डोक्यावर असताना उचलली ना तिने?

पैशांबद्दल माझा अनुभव: "पाण्याचे" म्हणून दिलेले पैसे कोणी घेत नाही, अपमान वाटतो. जेवणाचे घेतात, तेही आधी ठरवलं असेल तर. आदल्या दिवशी निरोप देऊन "दोन माणसांचं जेवण, इतके देऊ" असं म्हटलं की दोन्हीकडे मोकळं वाटतं. अचानक दारात कोसळणाऱ्या पाहुण्याला मात्र ते देवासारखं वागवतात, आणि मग हिशोब कायमचा उधार राहतो.


मी अकोलेकर | सोमवार, रात्री ८:४५

मी त्याच तालुक्यातला. सध्या नोकरीमुळे नाशिकला, पण मे महिन्यात घरी असतोच. तीन-चार गोष्टी.

एक, नाचणीला नागली लिहिलंत, बरं वाटलं. इथे बहुतेक जण "नाचणी" लिहून मोकळे होतात.

दोन, मे महिना हा आमच्याकडे रिकामा महिना नव्हे. बाळहिरडा गोळा करून वाळवायचा असतो, हातात रोख पैसा येतो तो त्यातूनच. भाताच्या आवणाला राब भाजून ठेवायचा असतो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा. घरं शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. पाऊस धरला की मग चार महिने दुसरं काही करता येत नाही. तुम्हाला डोंगरात कुठे धूर दिसला असेल तर तो प्रत्येक वेळी वणवा नसतो, राबही असतो. एकदा दोन पर्यटक बाटल्यांतलं पाणी घेऊन राब विझवायला धावले होते. आमच्या आजोबांनी तो प्रसंग मरेपर्यंत लग्नाकार्यात सांगितला.

तीन, पाणी. तुम्ही रतनवाडीला जाताना जे धरण बघितलं ते १९२६ चं. ब्रिटिशांनी बांधलं, कालवे काढले, प्रवरेचं पाणी खाली गेलं. खाली संगमनेर, श्रीरामपूरकडे ऊस झाला, कारखाने झाले. ती माणसंही कष्टाळूच आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण पाऊस पडतो आमच्या डोक्यावर, आणि मे महिन्यात झिऱ्यात वाटी घेऊन बसते आमची बाई. काळा कातळ आहे, उतार आहे, पाणी मुरत नाही, धावत सुटतं. पावसाळ्यात तुम्ही ज्या धबधब्यांचे फोटो काढता ते हेच पाणी.

चार, तुमचा प्रश्न. मागावं का? अहो, नाही म्हणणारं घर तुम्हाला सापडणारच नाही. घरात शेवटचा तांब्या असला तरी मिळेल. म्हणून तर मागण्याआधी विचार तुम्हालाच करावा लागतो. प्यायला मागा, बिनधास्त मागा. तहानलेल्याला पाणी न देता पाठवलं तर आमच्या म्हाताऱ्या आठवडाभर झोपत नाहीत. हातपाय धुवायला, भांडी विसळायला, डोक्यावर ओतायला मागू नका. थंडीत जाल तेव्हा खुशाल अंघोळ करा.

काकांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. ती कळशी ओतली नसती तर कदाचित त्यांना डोलीत घालून न्यावं लागलं असतं. म्हातारीला ते कळलं असणार, म्हणून ती बोलली नाही.


भर दुपार | सोमवार, रात्री ९:२०

अकोलेकर, शेवटचं वाक्य काकाला तसंच्या तसं पाठवलं. त्याने फक्त अंगठा पाठवला. चार दिवसांत त्याच्याकडून आलेला हा पहिलाच.


पुस्तकातला किडा | मंगळवार, दुपारी १२:००

काजव्यांबद्दल थोडं, कारण दरवर्षी मे अखेर इथे तोच प्रश्न येतो.

झाडावर लुकलुकणारे बहुतेक नर असतात, माद्यांना खुणावत असतात. एकाने सुरुवात केली की बाकीचे ताल धरतात. उडणारा काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्याआधीचा मोठा काळ तो अळी म्हणून जमिनीवर, पालापाचोळ्यात काढतो आणि गोगलगायी खातो. म्हणजे झाडाखालची ओलसर माती तुडवली की पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर ही त्यांची आवडती झाडं.

वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की जोर वाढतो, मोसमी पाऊस नीट लागला की संपतं. अमुक तारखेला या, असं कोणी सांगत असेल तर तो गाडीचं भाडं कमावतोय. शिवाय गाडीचे दिवे आणि विजेऱ्या त्यांच्या संकेतांवर अक्षरशः पाणी ओततात. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर शनिवारी रात्री गाड्यांची रांग बघितली की वाटतं, खुद्द काजव्यांनीच आता पुण्यामुंबईला जावं. धागाकर्त्याला झाड दिसलं ते रस्त्यापासून लांब, अंधारात. तसंच बघावं.


हिंदोळा | मंगळवार, दुपारी १२:४०

"अक्षरशः पाणी ओततात". या धाग्यावर हा शब्दप्रयोग जरा जपून हो!


दूरदेशी | मंगळवार, सायं. ६:१०

आम्ही परदेशात, मुलांना घेऊन भारतात यायचं तर मे-जूनच मिळतो. मुलं ११ आणि १४. हा ट्रेक जमेल का? मुलगा म्हणतो त्याला "ते भोक असलेला डोंगर" बघायचाच आहे.


जुना सॅकवाला | मंगळवार, सायं. ७:००

ताई, कात्राबाई आणि कुमशेत सोडून द्या. रतनवाडीत मुक्काम करा, पहाटे चारला गावातला वाटाड्या घेऊन निघा, साडेसातला नेढं, साडेआठला परतीला लागा, दहा-साडेदहाला अमृतेश्वराच्या गारव्यात. मुलगा आयुष्यभर विसरणार नाही. शिड्यांवर मुलांच्या पुढे एक मोठा, मागे एक मोठा. माणशी चार लिटर पाणी, मुलांनाही तेवढंच, आणि ते मुलांच्या पाठीवर नको.

अजून एक, कोणीच लिहिलं नाही. उन्हाळ्यात कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर-स्प्रे लावून जायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. मोहोळ उठलं तर हात झटकत बसू नका, तोंड झाकून गर्द झाडीत शिरा. पडीत दगड उचकू नका, फुरसं असतं. काकांनी नेढ्यात स्टोव्ह पेटवला होता ना? नशीबवान आहात.


करवंदाची जाळी | मंगळवार, रात्री १०:३०

चार दिवस मे महिन्यात डोंगरात, आणि करवंदं, आळू, जांभळं यांवर एक ओळ नाही? धागाकर्त्याचा निषेध. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) असं लिहिणार होते, पण तुम्ही एकाच भागात संपवलंत.


भर दुपार | बुधवार, सकाळी ८:१५

करवंदांवर लिहिलं नाही कारण सगळी काकाने खाल्ली. पेठेच्या वाडीच्या वाटेवर जाळीच्या जाळी काळ्या झाल्या होत्या. ओठ चिकट, बोटं जांभळी. पाण्याची तहान त्यावरच भागवली असं म्हटलं तरी चालेल. आळू मात्र मी खाल्ला, पिकलेला, गोड-तुरट. तो मुंबईच्या बाजारात फारसा दिसत नाही, हे चांगलंच आहे.


काका (नवीन सदस्य) | बुधवार, रात्री ११:५५

नमस्कार. खातं उघडायला तीन दिवस लागले, पासवर्ड स्वीकारत नव्हता.

दुरुस्त्या. नऊ लिटर नव्हते, आठ होते, एक बाटली याच्या सॅकमध्ये सरबताची होती. बाटली शिड्यांवर "पडली" नाही, याने खालच्या वानरांना घाबरवायला हात उगारला तेव्हा सुटली. जुन्या मैत्रिणींचे विषय मी काढले नव्हते.

कळशी मात्र पूर्ण भरलेली होती. ते खरं आहे.

घरातल्या पोराचा फोन नंबर मी घेतला होता. काल त्याला विचारलं, आजीला काय आणू? साडी, चादर, दोर, पिंप, काय लागेल ते. त्याने आजीला विचारून सांगितलं. आजी म्हणाली, "काय बी नको. पावसात या म्हनावं, तवा पानीच पानी."

तर ऑगस्टचा दुसरा शनिवार. कसारा, पहिली लोकल. तू येतोयस की नाही ते इथेच सांग, फोन उचलत नाहीस.